पैसा सरकारी, बसायला ओसरी

रामजी सकपाळ महूच्या छावणीत शिक्षक होते, ही गोष्ट बाबासाहेब आंबेडकरांच्या बहुतेक चरित्रांत एखाद-दुसऱ्या ओळीत उरकली जाते. इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या महूत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला, एवढे सांगून चरित्रकार लगबगीने दापोली आणि साताऱ्याकडे वळतो. शाळेतल्या शिवाशिवीचा विचार करायचा असेल, तर मात्र महूपाशी जरा थांबायला हवे. कंपनी सरकारच्या काळापासून फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना सक्तीचे शिक्षण होते. रामजी त्याच व्यवस्थेत शिकले, सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. कोकणात आणि देशावर महाराच्या पोराला शाळेचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्या काळात एक महार गृहस्थ सरकारी शाळा चालवत होते. छावणीच्या हद्दीत हे चालत होते आणि त्यामुळे आभाळ कोसळले नव्हते.

हद्द संपली की चित्र पालटे. १८९०च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली आणि त्याबरोबर या समाजाला खुली असलेली ती शाळाही हातची गेली. निवृत्तीनंतर रामजी कुटुंबासह दापोलीला गेले. दापोलीत महार पेन्शनरांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकरांसारखा लिहिता माणूस तिथलाच. या पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले, तेव्हा निघालेली तडजोड त्या काळाला शोभणारी होती: मुले शाळेत येतील, पण बसतील बाहेर, ओसरीवर. मास्तर आतल्या मुलांना शिकवणार, आणि बाहेरच्यांनी कानावर पडेल तेवढे घ्यायचे.

साताऱ्यात भीमराव वर्गात बसले, पण कोपऱ्यात, घरून आणलेल्या तरटावर. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे सारे कसलाही आव न आणता लिहून ठेवले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत त्यांचे नाव पटावर आले, ती आजचे प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पटावर नाव आणि बसायला तरट, या दोन गोष्टींमधले अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे या विषयाची चर्चा निघाली की अमेरिकेचे उदाहरण पुढे येते, आणि ते चुकीचे नाही. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. थर्गुड मार्शल या कृष्णवर्णीय वकिलाचे नाव त्या दिवशी इतिहासात गेले. पण तिथे न्यायालयाला मोडायला कायदा होता. कान्सासपासून व्हर्जिनियापर्यंत कायद्याच्या पुस्तकात छापलेली वेगळी शाळा होती. इथे तसे कलम नव्हते. उलट सरकारचा जाहीर शब्द वेगळेपणाच्या विरुद्धच होता, तोही ब्राउन खटल्याच्या तब्बल ९६ वर्षे आधी.

हा शब्द निघाला धारवाडहून. जून १८५६मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने तो फेटाळला. फेटाळताना जे कारण दिले ते नमुनेदार होते: न्यायाच्या दृष्टीने मुलाची बाजू खरी असेल, पण एका मुलासाठी बाकीच्यांचे शिक्षण बंद पाडता येत नाही. प्रकरण कलकत्त्याला आणि पुढे लंडनला गेले, आणि १८५८मध्ये मुंबई सरकारला एक प्रसिद्धिपत्रक काढावे लागले. त्याचा मतलब असा, की ज्या शाळांचा सगळा खर्च सरकार करते त्या सर्व प्रजाजनांना भेदभाव न करता खुल्या राहतील. ज्या शाळांना लोकवर्गणीची जोड आहे तिथे अस्पृश्य मुलांना घुसवायचा सरकारचा इरादा नाही, मात्र जातीवरून कोणाला शिक्षण नाकारले तर अशा शाळेची मदत काढून घेण्याचा हक्क सरकार राखून ठेवते.

या पत्रकात माणुसकीचा कळवळा शोधण्यात अर्थ नाही. त्यात हिशेब आहे. पैसा कोणाचा, यावर दार कोणाला उघडायचे ते ठरते. पुढची दीडशे वर्षे भारतातल्या शाळाप्रवेशाचा जवळजवळ प्रत्येक कायदेशीर झगडा याच हिशेबाभोवती फिरत राहिला.

१८८२च्या हंटर आयोगाने तत्त्व म्हणून जुनीच भूमिका उचलून धरली, आणि जिथे विरोध फार असेल तिथे वेगळ्या शाळा काढाव्यात अशी सोयही करून ठेवली. सरकारी अधिकाऱ्याला सोय दिली की तो तत्त्वाकडे कशाला पाहतो? मुंबई इलाख्यात ‘खास’ शाळा निघत राहिल्या. सामाईक शाळेचा शब्द कागदावर राहिला.

वेगळ्या शाळांबद्दल मात्र सरसकट बोलता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली, कारण दुसरीकडे कुठे त्यांना घेतच नव्हते. सावित्रीबाई ज्या काळात शिकवत होत्या त्याच काळात, १८५५मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची पहिली शाळा उघडली, तीही वेगळीच होती. इंदूरचा या कामात वाटा आहे: तुकोजीराव होळकरांनी मिशनला मोठी देणगी दिली आणि पुण्यातल्या आश्रमाला अहल्याबाईंचे नाव मिळाले, अहल्याश्रम. या शाळांना भेदभावाच्या शाळा म्हणणे अन्यायाचे होईल. दार बंद असताना ज्यांनी शेजारी दुसरे दार पाडले, त्यांच्यावर पहिले दार बंद केल्याचा आळ कसा घ्यायचा?

अमेरिकेतही हा पेच सुटलेला नव्हता. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५मध्ये प्रश्न टाकला होता, की कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळा हव्यात का, आणि उत्तर दिले होते की शाळा वेगळी की मिश्र यापेक्षा मुलाला शिक्षण मिळते की नाही हे आधी पाहा. याच डू बॉइस यांना आंबेडकरांनी १९४६मध्ये पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी ठेवलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती.

वेगळ्या शाळांचा पेच ज्यांनी एका हुकमाने सोडवला ते शाहू महाराज. कोल्हापुरात १९१७मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता. १९१९मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना सरकारी शाळांत एकत्र घेण्याचा आदेश काढला. संस्थानिकाला हे शक्य होते, कारण तिथे कायदा म्हणजे महाराजांचा शब्द. पण महाराजांच्या शब्दाला एक मर्यादा असते. महाराज गेले किंवा मन बदलले, तर रयतेच्या हातात अर्जाखेरीज काही उरत नाही.

इंदूर संस्थानात या मर्यादेचा कडू अनुभव आला. आंबेडकरांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या न झालेल्या भाषणात तो नोंदवला आहे, ४ जानेवारी १९२८च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तल्या बातमीच्या आधारे. कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांसह, बलाई जातीच्या लोकांना नियम घालून दिले. जरीच्या काठाची पगडी बांधायची नाही. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. कोणी मेले की कितीही लांबच्या नातलगांना सांगावा पोचवायचा. लग्नात वाजवायचे. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, बाळंतपणाला यायचे, आणि या सगळ्याचा मोबदला देईल तेवढा घ्यायचा. पटत नसेल तर गाव सोडायचे.

बलायांनी नकार दिला. विहिरी बंद झाल्या, गुरे चारायला बंदी झाली, शेतातून जायची वाट अडली. त्यांनी इंदूर दरबारात अर्ज केले. वेळेवर दाद लागली नाही, आणि शेकडो लोक बायकामुलांसह धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांत निघून गेले. बातमीत शाळेचा उल्लेख नाही. ज्याच्या पगडीची जर लोकांच्या डोळ्यांत खुपते, त्याच्या मुलाच्या पाटी-पुस्तकाचे काय, हा प्रश्न आपणच विचारायचा.

दरबारात दिलेला अर्ज आणि न्यायालयात मांडलेला दावा यांत फरक आहे. अर्ज नाकारला तर कारण द्यावे लागत नाही. दावा नाकारायचा तर न्यायाधीशाला निकाल लिहावा लागतो, आणि त्यावर अपील होते. आंबेडकरांची वकिली नेमकी या फरकावर उभी आहे. १९२२मध्ये ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. सॉलिसिटरांकडून ब्रीफ मिळेना, अशिलांनाही ‘महार बॅरिस्टर’ परवडेना, ही हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे. शाळाप्रवेशाचा ‘ब्राउन’सारखा गाजलेला खटला त्यांच्या नावावर नाही, हेही स्पष्ट म्हणायला हवे. त्यांनी जे केले ते वेगळ्या जातीचे काम होते: सरकारने दिलेला शब्द सरकारच्याच तोंडावर ठेवून त्याची वसुली करणे.

योगायोग असा, की १९२३मध्येच मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ‘सार्वजनिक पैसा’ हा १८५८चाच निकष इथे पुन्हा आला. बोले ठरावाची आठवण निघते ती महाडच्या पाण्यासाठी, पण त्यात शाळाही होत्या, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

वसुलीचा सगळ्यात पद्धतशीर कागद १९२८चा. २९ मे १९२८ रोजी आपण स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने आंबेडकरांनी सायमन आयोगाला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणावर एक निवेदन दिले. ते वाचताना समोर वकील उभा आहे हे जाणवते. त्यात गाऱ्हाणे कमी आणि पुरावा जास्त. धारवाडचे प्रकरण, १८५८चे पत्रक, हंटर आयोग, आकडे, सगळे एकापाठोपाठ. आणि त्यातली एक मागणी आजच्या वाचकाला चक्रावून टाकते: सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा रद्द करा आणि शाळा स्थानिक शाळा-मंडळांच्या ताब्यात देणे थांबवा. शिक्षणासाठी झटणारा माणूस सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याला विरोध करतो? कारण मंडळात कोण बसणार हे त्यांना ठाऊक होते. मुंबईच्या सचिवालयाला निदान आपल्या जुन्या पत्रकाची लाज वाटू शकत होती. तालुक्याच्या गावातल्या मंडळाला कसली लाज?

त्याच वर्षी सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर समिती नेमली. आंबेडकर, डॉ. पी. जी. सोळंकी, ठक्करबाप्पा तिच्यावर होते. १९३०मध्ये अहवाल आला. सामाईक शाळा, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे असा त्याचा रोख होता. वसतिगृहांचा मार्ग आंबेडकरांनी आधीच धरला होता. १९२५मध्ये सोलापूरला बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सुरू झाले होते. म्हणजे शाळा सगळ्यांची एकच हवी, पण तिथे टिकायला आपले घर हवे. वेगळेपणाच्या पेचाला त्यांचे उत्तर हे होते, आणि ते डू बॉइस यांच्या उत्तरापेक्षा जास्त व्यवहारी वाटते.

न्यायालयातली खरी लढाई मात्र झाली पाण्यावरून. मार्च १९२७मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळे नगरपालिकेचे, आणि नगरपालिकेने ते बोले ठरावाला अनुसरून १९२४मध्ये खुले केले होते. डिसेंबर १९२७मध्ये नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी आंबेडकरांवर दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. आंबेडकरांनी तो पाळला. पुन्हा सत्याग्रहासाठी हजारो माणसे जमली असताना तळ्यावर जायचे थांबवले. त्यावर टीका झाली, आजही होते. पण ज्याला न्यायालयाकडून हक्क मिळवायचा आहे त्याने न्यायालयाचा हुकूम मोडून कसे चालेल, हे गणित त्यांच्या बाजूने होते. खटला दहा वर्षे चालला. महाड, ठाणे, आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला, की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे हे वादींना सिद्ध करता आलेले नाही.

या निकालाकडे पाण्याचा निकाल म्हणून पाहिले जाते. शाळांसाठी त्याचे मोल वेगळे आहे. दापोलीच्या ओसरीमागे आणि साताऱ्याच्या तरटामागे कोणताही कायदा नव्हता, होती ती फक्त ‘पूर्वापार चालत आले आहे’ ही सबब. कायद्याच्या भाषेत तिला रूढी म्हणतात, आणि रूढीला न्यायालयात मान होता. महाडच्या खटल्याने तिच्याकडे पुरावा मागितला. किती जुनी, कोणी पाहिली, कुठे लिहिली? उत्तरे मिळाली नाहीत.

तिकडे अमेरिकेत मार्शल आणि त्यांचे गुरू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हेही तेव्हा पायरी पायरीने चढत होते. १९३६मध्ये मेरीलँडच्या लॉ स्कूलचे दार एका खटल्याने उघडले, १९३८मध्ये मिसुरीचा निकाल आला. त्यातला १९५०चा मॅक्लॉरिन खटला मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. ओक्लाहोमा विद्यापीठाने न्यायालयाच्या दडपणाखाली जॉर्ज मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय शिक्षकाला पदव्युत्तर वर्गात प्रवेश दिला, पण बसवले वर्गाला लागून असलेल्या बाजूच्या खोलीत. ग्रंथालयात वेगळे टेबल, खानावळीत वेगळी जागा आणि वेगळी वेळ. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा प्रवेश नव्हे. न्यूयॉर्कला हार्लेमच्या शेजारी तीन वर्षे काढलेल्या कोलंबियाच्या या माजी विद्यार्थ्याने, म्हणजे आंबेडकरांनी, पन्नास वर्षांपूर्वी साताऱ्यात तेच अनुभवले होते.

न्यायालयाने किंवा सरकारने हक्क मान्य केला म्हणून गाव मानते असे नाही. अहमदाबाद जिल्ह्यातल्या धोळका तालुक्यातले कविठा हे गाव त्याचा दाखला आहे. ऑगस्ट १९३५मध्ये, मुंबई सरकारच्या आदेशाच्या बळावर, तिथल्या अस्पृश्यांनी आपली चार मुले गावच्या शाळेत नेऊन बसवली. दुसऱ्या दिवसापासून मारहाण, बहिष्कार, त्यांच्या विहिरीत घासलेट. फिर्याद झाली आणि दडपणाखाली मागे घेतली गेली. गांधीजींनी अशा ठिकाणाहून गाव सोडून जाण्याचा सल्ला दिला. आंबेडकरांना तो मान्य नव्हता. शाळा सरकारची, आदेश सरकारचा, मग गाव सोडायचे कोणी? दोन वर्षांनी महाडचा निकाल लागला तरी कविठ्यासारख्या गावातल्या माणसाच्या हातात काही पडणार नव्हते, कारण दिवाणी दावा लढायला जमीन लागते, वेळ लागतो आणि वकिलाची फी लागते. हक्क न देणाऱ्याला शिक्षा होईल असा फौजदारी कायदा हवा होता.

तो धागा १९४७च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात दिसतो. संविधानात काय असावे याचा आंबेडकरांनी तयार केलेला हा मसुदा. त्यात एक कलम असे, की शिक्षणसंस्था, रस्ते, तळी, विहिरी, वाहने यांचा लाभ सामाजिक दर्जावरून नाकारणे हा गुन्हा मानावा. ते १८६६ आणि १८७५च्या अमेरिकी नागरी हक्क कायद्यांवरून घेतल्याचे त्यांनी टिपणात नोंदवले आहे. अमेरिकेने १८७५चा कायदा केला आणि १८८३मध्ये तिच्याच सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला. तिथे मोडीत निघालेले हत्यार इथल्या वकिलाने उचलून परजले, हे या साऱ्या कहाणीतले एक मोठे गमतीचे वळण आहे.

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद मंजूर झाला, तोच आजचा १७वा. शाळाप्रवेशाचा अनुच्छेद २९(२) मात्र बाबासाहेबांच्या मसुद्यात आजच्या रूपात नव्हता. मसुद्यात फक्त सरकारी शाळा होत्या आणि संरक्षण फक्त अल्पसंख्याकांना होते. ८ डिसेंबर १९४८ रोजी पंडित ठाकूरदास भार्गव यांच्या दुरुस्तीने ‘कोणत्याही नागरिकाला’ हे शब्द आले, आणि सरकारी पैशाची मदत घेणाऱ्या संस्थाही कक्षेत आल्या. मूर्तिपूजकांना हे आवडणार नाही, पण श्रेय भार्गवांचे आहे.  

‘राज्याने चालवलेल्या किंवा राज्याच्या निधीतून मदत घेणाऱ्या’ हे शब्द १८५८च्या पत्रकाशेजारी ठेवून पाहावेत. वर्गवारी तीच, पूर्ण सरकारी आणि अंशतः सरकारी. फरक एवढाच, की तेव्हा मदत काढून घेण्याची सरकारला मुभा होती, आता प्रवेश नाकारण्याला सरळ बंदी आली.

आणि मग या कलमाचा पहिला मोठा उपयोग कोणी केला? मद्रासमधल्या चंपकम दोराईराजन या ब्राह्मण महिलेने, जातवार जागावाटपाविरुद्ध. एप्रिल १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २९(२)च्या आधारे मद्रास सरकारचा आदेश रद्द केला. दार सगळ्यांना उघडे ठेवायला केलेले कलम, ज्यांना दार कधी बंदच नव्हते त्यांच्या कामी आले. कायदामंत्री आंबेडकरांना दोन महिन्यांत पहिल्या घटनादुरुस्तीच्या बाजूने संसदेत उभे राहावे लागले, आणि १५(४) हे उपकलम जन्माला आले. जातीकडे डोळेझाक केली की जात जाते, असे मानणाऱ्यांनी हे दोन महिने जरूर वाचावेत.

फौजदारी कायदा १९५५मध्ये आला, अस्पृश्यता (अपराध) अधिनियम. १९७६मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याचे ५वे कलम दोन भागांत आहे. शाळा किंवा वसतिगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा, आणि प्रवेश दिल्यावर भेदभाव करणे हाही गुन्हा. दुसऱ्या भागात दापोलीची ओसरी आहे, साताऱ्याचे तरट आहे, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव फळ्याकडे गेले तर त्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून झालेला गोंधळही आहे. हा गुन्हा सिद्ध करणे मात्र फार अवघड. कारण मुलाला मागच्या बाकावर बसवले, पाणी वरून ओतले, पंगत वेगळी केली, याचा कागद कुठे नसतो. आणि साक्षीला येणार कोण, तर त्याच वर्गातली मुले.

स्वातंत्र्यानंतरची गंमत ही, की ज्यांना वेगळे बसायचे होते त्यांनी बाक बदलण्याऐवजी शाळाच बदलली. सरकारी शाळा सगळ्यांना खुल्या झाल्या आणि ऐपतदार पालक तिथून हळूहळू निघून गेले. विनाअनुदानित शाळा सरकारचा पैसा घेत नाही, त्यामुळे २९(२) तिच्या फाटकाशी थांबते. अमेरिकेतही ब्राउन निकालानंतर दक्षिणेत गोऱ्यांसाठी खासगी अकादम्या निघाल्या होत्या. इथे कोणाला तसे जाहीर करायची गरज पडली नाही. फीचा आकडा पुरेसा होता.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने या हिशेबाला पहिल्यांदा मोठा धक्का दिला. कलम १२(१)(ग) प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांनाही पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. सरकार नंतर खर्चाची भरपाई करते, ती सरकारी शाळेतल्या दर मुलामागच्या खर्चाच्या मर्यादेत. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या. न्यायमूर्ती राधाकृष्णन यांचे मत वेगळे होते: जी शाळा सरकारचा पैसा घेत नाही तिच्यावर सरकारचे ओझे का? १८५८चा प्रश्न एकविसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला होता, बाजू तेवढ्या उलटल्या होत्या.

मध्य प्रदेशात या जागा ऑनलाइन सोडतीने भरतात, आणि सोडतीच्या दिवसांत इंदुरातल्या कचेऱ्यांमध्ये पालकांची कागदपत्रे घेऊन धावपळ चालते. बिचोली मर्दाना आणि बिचोली हप्सी आता शहरात मिसळून गेली आहेत. कनाडिया रोडच्या आसपास बंगल्यांच्या वसाहती उठल्या आणि त्यांच्यामागोमाग खासगी शाळा आल्या. याच शिवारातून शंभर वर्षांपूर्वी बलायांना बाहेर पडावे लागले होते. राज्य सरकार अनुसूचित जातींच्या मुलांसाठी ज्ञानोदय निवासी विद्यालयेही चालवते, इंदुरातही एक आहे. ती सोलापूरच्या वसतिगृहाच्या वंशातली मानायची की हंटर आयोगाच्या ‘खास’ शाळांच्या, हे तिथला शिक्षक, निकाल आणि पुढे मिळणारी महाविद्यालये यांवरून ठरवावे लागेल. नावावरून ठरत नाही.

वकिलांचे कामही संपलेले नाही, त्याची जागा बदलली आहे. २०१९मध्ये, जातिभेदाच्या तक्रारींनंतर आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि इंदिरा जयसिंग यांनी ती चालवली. तिचा विषय प्रवेश हा नव्हताच, प्रवेशानंतर उच्च शिक्षणसंस्थांत काय होते हा होता. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट दिली. म्हणजे गरिबाच्या मुलाने आधी जवळच्या सरकारी शाळेत जावे. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल घटनाबाह्य ठरवून रद्द केला. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला.

खासगी शाळांची तक्रार त्यानंतरही कायम आहे आणि ती पैशाचीच आहे: सरकारकडून मिळायची भरपाई वर्षानुवर्षे थकते, आणि जी मिळते ती फीच्या मानाने तोकडी असते. तक्रार खोटी नाही. पण गणवेश, पुस्तके, सहलीचे आणि स्नेहसंमेलनाचे वेगळे पैसे मागायला सुरुवात झाली की सोडतीत नंबर लागलेल्या मुलाचे पालक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नाव काढून घेतात, आणि त्या मुलाला प्रवेश नाकारल्याचा कागद कुठल्याही कचेरीत सापडत नाही.